सापडलेली गाडी आणि क्रेनचे भाडे

चोरीस गेलेले वाहन सापडल्यापासून घरी येईपर्यंत जो खर्च होतो, त्यात क्रेनचे भाडे रकमेने फार मोठे नसले तरी ते कोणी सोसायचे याविषयी वाहनमालकांचा बराच गोंधळ असतो, आणि याचे कारण असे की रस्त्यावरून उचललेली गाडी कायद्याच्या दोन निराळ्या खात्यांत जमा होऊ शकते.

पहिले खाते वाहतुकीचे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस उभे असलेले, अथवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी टोइंग करून, म्हणजे क्रेनने ओढून, हलवू शकतो. आणि अशा टोइंगचा सर्व खर्च मालकावर राहील, शिवाय इतर दंड वेगळा, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. चोराने नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गांधी चौकात गाडी टाकून पळ काढला आणि ती चोरीची आहे हे कळण्यापूर्वीच वाहतूक पोलिसांनी उचलली, तर मालकाची यात काही चूक नसूनही कलमाचे शब्द त्याच्यावरच येतात, कारण त्यात चोरीच्या वाहनाचा अपवाद केलेला नाही. दंडाची गोष्ट निराळी आहे. गाडी त्या वेळी आपल्या ताब्यात नव्हती हे फिर्यादीच्या तारखेवरून दाखवून मालकाला चलनावर हरकत घेता येते. हा कठोरपणा केवळ भारतातला नाही. इंग्लंडमध्ये 2008 च्या नियमांनी सुस्थितीतील लहान गाडी उचलण्याचे 150 पौंड आणि ती ठेवण्याचे रोजचे 20 पौंड असा दर ठरवला होता, पुढे तो वाढला, आणि चोरीच्या गाडीचा मालकही त्यातून सुटत नाही.

दुसरे खाते फौजदारी तपासाचे, आणि चोरीच्या बहुतेक गाड्या याच खात्यात येतात. स्थानिक गुन्हे शाखेने किंवा पोलीस ठाण्याने चोरीची म्हणून ओळखून पंचनाम्याने जप्त केलेली गाडी ‘मुद्देमाल’, म्हणजे गुन्ह्याशी संबंधित आणि पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू, ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीसाठी कलम 106, तर जप्त मालाच्या ताब्यासाठी कलमे 497 आणि 503 आहेत. मुद्देमाल ठाण्यापर्यंत नेण्याचा खर्च फिर्यादीने द्यावा असे यांपैकी एकाही कलमात म्हटलेले नाही, आणि ज्याची चोरी झाली त्याच्याकडूनच तपासाचे भाडे घेणे न्यायालाही धरून नाही. तरीही क्रेनवाला प्रत्यक्षात मालकाकडेच पाहतो. अशा वेळी पैसे द्यावेच लागले तर पावती घ्यावी आणि तिच्यावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि कोठून कोठे नेली हे लिहून घ्यावे.

मालकाचा खरा खर्च ठाण्याच्या फाटकापासून सुरू होतो. न्यायालयाकडून गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, मिळेपर्यंत बॅटरी उतरलेली आणि टायर बसलेले असतात, आणि तेथून गॅरेजपर्यंतची क्रेन मालकाचीच. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 मध्येच सांगितले होते की वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, छायाचित्रे आणि पंचनामा करून योग्य हमीवर ती सोडावीत. आता कलम 497 ने मुदतीही घातल्या आहेत: मालाचे विवरण 14 दिवसांत आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश. अर्ज करण्यात मालकाने केलेला उशीर मात्र या मुदती भरून काढत नाहीत.

नांदेडची हद्द तेलंगणाला आणि लातूरची कर्नाटकाला लागून असल्यामुळे देगलूर, धर्माबाद किंवा उदगीर ओलांडून गेलेली गाडी परराज्यात सापडणे अशक्य नाही. तेथील पोलिसांनी ती आपल्या गुन्ह्यात जप्त केली असेल तर ताब्याचा अर्ज तेथील न्यायालयात करावा लागतो, आणि परतीच्या क्रेनचे भाडे अंतराप्रमाणे वाढते.

येथे विमा कामी येतो, पण मर्यादेने. खासगी मोटारीच्या प्रमाण पॉलिसीत, चोरीसारख्या संरक्षित कारणाने निकामी झालेली गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी 1500 रुपयांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत 300 रुपयांपर्यंत तरतूद असते. आजच्या दरात एवढ्याने क्रेन क्वचितच भागते, म्हणून जादा हप्ता देऊन घेतलेली रस्त्यावरील मदतीची सुविधा आहे का, हे पाहावे.

गाडी सापडलीच नाही तर पोलीस ‘ए समरी’ अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागला नाही, आणि त्याआधारे कंपनी पूर्ण दावा चुकता करते. त्या वेळी मालक गाडीवरील हक्क कंपनीला लिहून देतो. पुढे वर्षभराने ती गाडी सापडली आणि ठाण्यातून बोलावणे आले, तर सुपूर्दनाम्यावर सही करण्यापूर्वी दावा मिळाल्याची कागदपत्रे पोलिसांना दाखवून कंपनीला लेखी कळवावे. ती गाडी, आणि तिच्यामागचे क्रेनचे भाडेही, आता कंपनीचे असते.