प्रॉक्झिमाची हाक आणि पृथ्वीवरचा गोंगाट

सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर ४.२ प्रकाशवर्षे. २०१६ मध्ये त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. ताऱ्यापासून त्याचे अंतर असे, की तिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. त्यामुळे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध घेणाऱ्यांचे लक्ष या शेजाऱ्याकडे लागणे स्वाभाविकच होते.

एप्रिल-मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने या ताऱ्याचे सुमारे २६ तास निरीक्षण केले. पुढच्या वर्षी ‘ब्रेकथ्रू लिसन’ प्रकल्पात त्या नोंदी चाळताना एक विद्यार्थी ९८२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या संदेशापाशी थबकला. ताऱ्यांकडून येणाऱ्या नैसर्गिक रेडिओलहरी अनेक कंप्रतांवर पसरलेल्या असतात. हा संदेश मात्र अगदी अरुंद पट्ट्यात होता, म्हणजे यंत्राचा. प्रश्न एवढाच, की यंत्र कोणाचे?

हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. दुर्बीण अर्धा तास ताऱ्याकडे रोखायची, मग थोडा वेळ दुसरीकडे वळवायची. आवाज पृथ्वीवरचाच असेल, तर तो दोन्हीकडे ऐकू येतो. हा संदेश ताऱ्याकडे पाहतानाच मिळत होता आणि काही तास मिळत राहिला. शिवाय त्याची कंप्रता हळूहळू सरकत होती, जणू तो पाठवणाराच फिरतो आहे. डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली आणि जगभर चर्चा सुरू झाली.

सोफिया शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग उरलेल्या नोंदी पिंजून काढल्या. त्यांत याच चेहऱ्यामोहऱ्याचे सुमारे ६० संदेश निघाले. त्यांच्या कंप्रतांमध्ये ठरावीक गणिती अंतर होते आणि ते इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या नेहमीच्या ऑसिलेटरशी जुळत होते. त्यांतले काही तर दुर्बीण दुसरीकडे वळल्यावरही ऐकू येत होते! मूळ संदेश दुर्बिणीच्या हालचालीशी योगायोगाने जुळला होता, इतकेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

पार्क्सला असा चकवा नवा नव्हता. तिथल्या गूढ रेडिओस्पंदनांचा उगम २०१५ मध्ये सापडला होता तो आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये; वेळ संपण्याआधीच कोणी त्याचे दार उघडले, की दुर्बिणीला ‘संदेश’ मिळे. प्रॉक्झिमाच्या बाबतीत मात्र गोंगाट करणारे उपकरण नेमके कोणते, हे त्या तपासात सापडले नाही.