कस्टमर सर्व्हिसचा कोर्स : फी भरण्याआधी तीन प्रश्न

गेल्या महिन्यात वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी माहितीपत्रक घेऊन आली. त्यावर 'कस्टमर सर्व्हिस सपोर्ट, असोसिएट डिग्री, दोन वर्षे' असे छापले होते. तिची आई विड्या वळते. पहिला हप्ता बचत गटाच्या कर्जातून भरायचे घरात ठरले होते. मुलीने एवढेच विचारले, "ताई, हे केलं की मी पदवीधर होईन ना?"

नाही. अमेरिकेत असोसिएट डिग्री ही दोन वर्षांची मान्य पदवी आहे आणि पुढच्या शिक्षणात तिचे क्रेडिट धरले जाऊ शकते. आपल्याकडे यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी फक्त विद्यापीठे आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थाच देऊ शकतात. गल्लीतल्या क्लासला तो अधिकार नाही.

काम मात्र खोटे नाही. बँक, मोबाईल कंपनी, रुग्णालय, ऑनलाइन दुकान, सगळीकडे ग्राहकाचे ऐकून घेणारा, तक्रार नोंदवून ती तडीस नेणारा माणूस लागतो. त्यासाठी संगणक, स्पष्ट बोलणे, नेटके लिहिणे आणि संयम हवा. मराठीसोबत हिंदी, कन्नड किंवा तेलुगू येणे ही सोलापूरच्या मुलांची जमेची बाजू आहे.

दोन वर्षांत थांबण्याची सोयही आपल्याकडे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या यूजीसी आराखड्यात पहिल्या वर्षानंतर (४० क्रेडिट) प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर (८० क्रेडिट) पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहते. बी.व्होक.मध्येही टप्प्याटप्प्याने पदविका आणि मग पदवी मिळते. नोकरी करत शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

म्हणून फी भरण्याआधी हे विचारा :

१. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे किंवा शासकीय मंडळाचे नाव असेल? ते यूजीसीच्या किंवा त्या मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

२. इथले क्रेडिट पुढे पदवीला धरले जाईल का? उत्तर लेखी घ्या.

३. अभ्यासक्रम महाडीबीटीवर दिसतो का? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पण ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच.

"नोकरीची शंभर टक्के हमी" हे उत्तर नव्हे. हमी असेल तर ती कोणत्या कंपनीत, किती पगाराची, हेही कागदावर हवे.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांनी अर्ध्यावर शाळा सोडू नये, हा त्यामागचा विचार होता. आज आपली मुले अर्ध्यावर थांबली तरी परत येण्याचे दार उघडे आहे. ते बंद करणाऱ्या कागदासाठी आईचे कर्ज वाढवू नका.

त्या मुलीने हप्ता भरलेला नाही. ती आता हे तीन प्रश्न लिहून महाविद्यालयांत चौकशी करते आहे.

जय भीम!