रवांडाचे कोट्यवधी पौंड आणि संसदेच्या समित्या

ब्रिटनमध्ये न्यायालये, तुरुंग, इमिग्रेशन आणि आश्रयाचे अर्ज यांवरच्या सरकारी खर्चावर कॉमन्स सभागृहाच्या तीन समित्यांची नजर असते : न्याय समिती, गृह व्यवहार समिती आणि सगळ्याच खात्यांचे हिशेब पाहणारी लोकलेखा समिती. या समित्यांबद्दलचा एक गैरसमज काही केल्या जात नाही. समितीने होकार दिल्याशिवाय पैसा सुटत नाही, म्हणजे उधळपट्टी झाली तर ती समितीच्याच संमतीने झाली, असे मानले जाते. शिकलीसवरलेली माणसेही असे बोलतात. ते साफ चूक आहे.

खर्चाच्या मागण्या सरकार मांडते आणि मंजुरी सभागृह देते. मागणी वाढवण्याचा प्रस्ताव फक्त मंत्र्याला आणता येतो, सदस्यांच्या हाती उरते ती कपात. तीही कागदावरच. कॉमन्सने मागणी फेटाळल्याचा शेवटचा प्रसंग १९१९चा. लॉर्ड चॅन्सेलरच्या निवासातल्या दुसऱ्या न्हाणीघराचा खर्च तेव्हा नाकारला गेला. (आजचा न्यायमंत्रीच लॉर्ड चॅन्सेलरही असतो.) त्यानंतर शतक उलटले, कोट्यवधींच्या मागण्या आल्या, एकही अडली नाही.

मग समिती करते काय? रवांडा योजनेत ते नीट दिसते. बेकायदा मार्गाने ब्रिटनमध्ये येणाऱ्या आश्रयार्थींना रवांडात पाठवण्याचा हा करार एप्रिल २०२२चा. प्रत्येक खात्याचा सर्वोच्च अधिकारी हा खर्चाचा जबाबदार लेखाधिकारी असतो आणि त्याला संसदेपुढे व्यक्तिशः उत्तर द्यावे लागते. गृह खात्याचे सचिव मॅथ्यू रायक्रॉफ्ट यांनी लेखी कळवले की या योजनेतून पैशांचे चीज होईल असा पुरेसा पुरावा नाही. तेव्हा गृहमंत्री प्रीती पटेल यांनी लेखी आदेश देऊन ती पुढे रेटली. त्या वर्षी १४ कोटी पौंड गेले. नोव्हेंबर २०२३मध्ये गृह व्यवहार समितीने पुढचा आकडा विचारला, तर तो वार्षिक हिशेबात कळेल, असे उत्तर मिळाले. समित्यांनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबरमध्ये रायक्रॉफ्ट यांनी गृह व्यवहार आणि लोकलेखा या दोन्ही समित्यांच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यानुसार एप्रिल २०२३मध्ये आणखी १० कोटी दिले होते आणि पुढच्या वर्षी आणखी ५ कोटी द्यायचे होते. तोवर एकही माणूस रवांडाला गेलेला नव्हता.

समितीने पैसा रोखला नाही, कारण तो अधिकार तिच्याकडे नाहीच. लपवलेला आकडा तिने बाहेर काढला. योजना बंद झाली ती जुलै २०२४च्या सत्ताबदलानंतर. तोवर, नव्या गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगितल्याप्रमाणे, ७० कोटी पौंड गेले होते आणि रवांडाला पोहोचले होते चार जण, तेही स्वेच्छेने.

मंजुरीला आलेला आकडा हाच खरा खर्च, हेही धरून चालू नये. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब मांडला. त्यानुसार आश्रय, सीमा, व्हिसा आणि पासपोर्ट यांच्या कामांसाठी गृह खात्याने सुरुवातीला वर्षाला सरासरी ११ कोटी पौंड मागितले आणि खर्च केले सरासरी २६० कोटी. फरक वर्षअखेरीस पुरवणी मागण्यांतून भरला गेला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे कामकाज पाहणाऱ्याला हा प्रकार नवा वाटणार नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. लोकलेखा समिती सत्ताधाऱ्यांच्या मुठीत असते, हे खोटे; तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो आणि त्याला सभागृह निवडते. ही समिती ज्याच्या अहवालांवर काम करते ते राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय हेही सरकारचे खाते नव्हे. त्याचे प्रमुख कॉमन्सचे अधिकारी असतात. धोरण बरोबर की चूक, हे लोकलेखा समिती ठरवत नाही. त्यावर खर्च केलेल्या पैशाचे काय झाले, एवढेच ती विचारते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, त्यांना उत्तर मात्र द्यावेच लागते. आणि फक्त इमिग्रेशनमध्येच गोंधळ होतो असेही नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या २० हजार वाढीव तुरुंगजागांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा किमान ४२० कोटी पौंडांनी वाढून ९४० ते १,०१० कोटींवर गेल्याचे याच लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४मध्ये दाखवले.

भारतात १९९३पासून खातेनिहाय स्थायी समित्या गृह आणि न्याय खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या मतदानापूर्वीच तपासतात. ब्रिटनच्या समित्यांना तर मागण्या अडवण्याचाही अधिकार असेल, असा समज बहुधा त्यातून होत असावा. पण इथेही लोकसभेचा नियम स्पष्ट आहे : मागण्यांवरच्या अहवालात समितीला कपात प्रस्तावासारखे काहीही सुचवता येत नाही.