न बोलता भरवायचं

"पिल्लांशी एक शब्दही बोलायचा नाही," डॉक्टरताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "बोललीस की ती माणसाळली. मग त्यांना सोडता येत नाही."

जानेवारीचे दिवस होते. बसच्या डिकीत सापडलेली फळांची एक पेटी आदल्या रात्री पक्ष्यांच्या पुनर्वसन केंद्रात आली होती. आत पहाडी पोपटाची 14 पिल्लं, त्यांतली तळाची 3 गुदमरून मेलेली. उरलेली टबात कागदाच्या कपट्यांवर, दिव्याच्या उबेला ठेवली होती. बहुतेकांचे डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांऐवजी निळसर सुया, आणि त्या उघड्या देहाला न शोभणारं थोराड डोकं नि चोच. सगळ्यांत मोठ्या पिल्लाच्या खांद्यावर सुईच्या टोकाशी लाल ठिपका फुटला होता. ही लाली पहाडीची खूण. आपल्या अंगणात येणाऱ्या कीर पोपटाला ती नसते.

खाणं पातळ पेजेसारखं. त्यात थर्मामीटर बुडवून बघायचा, 40 अंशांच्या आसपास हवं. जास्त गरम झालं तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते; गार राहिलं तर अन्न तिथंच थांबून आंबतं. चोचीच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवली की पिल्लू मान जोरजोरात वरखाली करू लागतं. ढोलीत आईबापांकडून खातानाही ते असंच करतं. सिरिंज त्याच्या चोचीच्या डाव्या बाजूने घालायची आणि रोख उजवीकडे धरायचा, कारण अन्ननलिका त्या अंगाला असते. घास चुकून श्वासनलिकेत गेला की संपलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून तसं झालं. मूठभर ऊब माझ्या तळव्यात निवत गेली. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचं पिल्लू माझ्या हातात ठेवलं.

पहाडी पोपट कसा कमी होतो, हे मला त्या टबाशी बसून कळलं. मादी एका विणीत साधारण 2 ते 4 अंडी घालते. हिवाळ्यात जुन्या झाडांच्या ढोल्या धरायच्या आणि जमेल तेवढी पिल्लं वाढवायची, एवढाच त्यांचा संसार. पिल्लं काढणारा नेमका त्याच दिवसांत झाडावर चढतो. हात आत जाईना तर कोयत्याने ढोलीचं तोंड मोठं करतो. मग पाऊस आत येतो, शत्रूंना वाट मिळते, आणि पुढच्या हंगामात ती ढोली कामाची राहत नाही. ढोल्या असलेली जुनी झाडं तर 'वाळलंय, पडेल' म्हणून आपण आधीच तोडतो.

मोठे पोपट मात्र उडत असतात. त्यांना आयुष्य भरपूर, त्यामुळे संध्याकाळचा थवा वर्षानुवर्षं तसाच दिसतो, तसाच कलकलाट करतो. त्यात नवं कुणी आलेलं नाही, हे खालून पाहणाऱ्याला कसं कळावं? हाच या चोरीतला सगळ्यांत वाईट भाग आहे असं मला वाटतं. 2013 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत पहाडी पोपट धोक्याच्या उंबरठ्यावरचा पक्षी म्हणून नोंदला आहे. जगातल्या सुमारे 400 पोपटजातींपैकी पाव हिश्श्याहून अधिक जाती तर थेट संकटात आहेत. आफ्रिकेतला करडा पोपट माणसासारखं बोलतो म्हणून जगभर पाळला गेला. घानातून तो 1992 नंतर जवळपास नाहीसा झाला, आणि रानातल्या करड्या पोपटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय व्हायला 2016 साल उजाडलं.

आपल्याकडे देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी पेट्या येतात, कारण घेणारी घरं आहेत. ती घरं दुष्टांची नसतात. माझ्या आजोळच्या पडवीतही पिंजरा होता. त्यातला पोपट भिजवलेली डाळ नि मिरची खायचा, 'विठू विठू' म्हणायचा, आणि आम्ही सगळी भावंडं त्याच्यावर जीव टाकायचो. तो कुठल्या झाडावरून आला, त्याच्याबरोबरची बाकीची पिल्लं कुठं गेली, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नाही. आता ते आठवलं की घशाशी येतं.

मार्चच्या शेवटी उरलेली 10 पिल्लं मोठ्या जाळीघरात गेली. पंख पुरते भरले होते. पेरूच्या फांद्या घेऊन मी दार उघडलं, तशी 9 जणं किंचाळत पार पलीकडच्या टोकाला उडाली. मला इतका आनंद झाला की पाऊल तिथंच थांबलं. दहावं मात्र सरकत सरकत जाळीपाशी आलं, माझ्या हाताकडे पाहू लागलं आणि मान वरखाली करू लागलं. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. मागून ताईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि नुसत्या खुणेनं मला बाहेर बोलावलं.