कोरा नमुना संगणकात जातो तेव्हा

कोणत्याही शाळेच्या कार्यालयातील कपाट उघडले, तर छापील कागदांचे गठ्ठे दिसतात. शुल्काची पावतीपुस्तके, शाळा सोडल्याचे दाखले, रजेचे अर्ज, शाळेचे नाव-पत्ता छापलेले पत्रकागद. दुकानात बिलबुके असतात, बँकेत पैसे भरण्याच्या स्लिपा. यातील पुष्कळ नमुने आता संगणकात गेले आहेत, उरलेले जात आहेत. यामुळे कागद वाचतो, हे खरेच. पण आमच्या मते बदल त्याहून खोल आहे. तो समजण्यासाठी आधी छापील नमुना काय काम करतो, ते पाहू.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग असतात. रेघा, रकाने, मथळे हा स्थिर भाग. नाव, तारीख, रक्कम हा बदलता भाग. छापखान्यात खिळे जुळवून पान तयार करायला खर्च बराच येतो, पण त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च अगदी थोडा असतो. म्हणून स्थिर भाग हजारोंनी छापून ठेवायचा आणि बदलता भाग हाताने भरायचा, ही सोयीची वाटणी झाली. तिची अडचण एकच. स्थिर भाग बदलला, की उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. तारखेच्या जागी '१९' हे आकडे आधीच छापलेले कागद २००० साल उजाडताच निकामी झाले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बिलावर पंधरा अक्षरी नवा नोंदणी क्रमांक आवश्यक झाला. जुन्या बिलबुकांवर तो असणे शक्यच नव्हते.

संगणक आला तरी सुरुवातीला छापील नमुना टिकून राहिला. डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रात बारीक पिना शाईच्या फितीवर आपटतात. त्या आघाताने खालच्या कार्बन प्रतीही उमटतात. मात्र आकडा नेमका आपल्या रकान्यातच पडायला हवा. त्यासाठी कागदाच्या दोन्ही कडांना भोके असत आणि दातेरी चक्रे त्यांत अडकून कागद ठरावीक अंतराने पुढे ओढत.

लेसर छपाईयंत्राने ही पद्धत बदलली. येथे आघात नसतो. विद्युतभारित दंडगोलावर प्रकाश पडतो, तेथील भार बदलतो, त्यानुसार शाईची भुकटी चिकटते आणि उष्णतेने कागदावर पक्की होते. आघात नाही, म्हणून कार्बन प्रत निघत नाही. पण हवी तर तीच प्रत पुन्हा छापता येते. १९७६ मध्ये वापरात आलेल्या आय.बी.एम. ३८०० या यंत्रात एक नामी युक्ती होती. कोऱ्या नमुन्याची फिल्म यंत्रात बसवायची आणि तिच्यातून प्रकाशाचा झोत दंडगोलावर टाकायचा. त्याच दंडगोलावर लेसर किरण माहिती लिही. अशा रीतीने कोऱ्या कागदावर रेघा आणि मजकूर एकदमच उमटत. पुढे फिल्मची जागा संगणकातील नमुन्याच्या वर्णनाने घेतली. आता रकाना बदलायचा, तर ते वर्णन बदलले की झाले.

संगणकातील नमुन्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या रकान्याला नियम शिकवता येतो. ३१ फेब्रुवारी ही तारीख तो स्वीकारत नाही. बेरीज स्वतः करतो. समजा, ग्रंथालयाच्या मागणीपत्रात पुस्तकाचा तेरा अंकी क्रमांक लिहायचा आहे: ९७८०३०६४०६१५७. यातील अंकांना ओळीने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज करा. उत्तर १०० येते. बेरजेला दहाने पूर्ण भाग जावा, असाच शेवटचा अंक निवडलेला असतो. कोणताही एक अंक चुकला, तर भाग जात नाही आणि चूक सापडते. आता याच क्रमांकातील शेजारचे ६ आणि १ यांची अदलाबदल करा. बेरीज ९० येते. भाग गेला! क्रमांक चुकला, तरी नियम त्याला बरोबर म्हणतो. हे विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावे. संगणक माहिती नियमात बसते की नाही एवढेच तपासतो. ती खरी आहे की नाही, हे नव्हे.

छापील नमुना आणखी एक काम मुकाट्याने करत असे. पावतीपुस्तकातील अनुक्रमांक छापखान्यातच पडतात. एक पान फाडले, की ते लगेच कळते. पावती पालकाकडे, स्थळप्रत शाळेकडे, म्हणजे एकाच व्यवहाराचा पुरावा दोघांच्या हाती. संगणकातील नोंद मात्र खूण न ठेवता बदलता येते. म्हणून तेथे हा पुरावा नव्याने उभारावा लागतो. अंकीय स्वाक्षरीत संपूर्ण मजकुरावरून गणिताने एक संख्या काढतात आणि ती सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधतात. नंतर एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणीत ते उघड होते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली.

एक गोष्ट मात्र गणिताने भरून निघत नाही. ती म्हणजे कागदाचा समास. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हे तीन रकाने स्वाभाविक वाटतात. पण तमिळनाडूतील अनेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. कागदी अर्जावर लिपिक रेघ मारून शेजारी दोन शब्द लिहितो. पडद्यावर मात्र 'हा रकाना भरणे आवश्यक आहे' असे उत्तर येते आणि अर्ज पुढे सरकत नाही. मग कोणीतरी काहीतरी भरून वेळ निभावतो आणि ते चुकीचे नाव त्या मुलाच्या दाखल्यापासून गुणपत्रिकेपर्यंत चिकटून राहते. नमुना आखणारा नुसत्या रेघा आखत नाही. कोण त्यात बसणार आणि कोण नाही, हेही तो ठरवत असतो. म्हणून सक्तीचे रकाने मोजकेच हवेत, 'अन्य माहिती'साठी जागा हवी आणि कारण नोंदवून नियमाला अपवाद करण्याची मुभा जबाबदार माणसाला हवी.

वर्गात शाळेचाच एखादा अर्ज घ्यावा. स्थिर काय, बदलते काय, कोणत्या रकान्याला कोणता नियम लावता येईल आणि त्या नियमामुळे कोण बाहेर राहील, अशा चार याद्या मुलांकडून करून घ्याव्यात. चौथी यादी सर्वांत अवघड जाते. ती संगणकाकडे देण्याआधी माणसांनीच करायची असते.