मानसशास्त्र घेतलं म्हणून मनातलं ओळखता येत नाही. मग एफवायला शिकवतात तरी काय?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या प्रवेशाला रांग लागते. त्यात एखादी पोरगी घरी सांगते, मी मानसशास्त्र घेणार. आजी विचारते, "म्हणजे वेड्यांचं शिक्षण का गं?" आणि चुलता म्हणतो, "सांग बरं, माझ्या मनात काय चाललंय?" दोन्ही समज चुकीचे आहेत. पण घरातल्यांना विषय काय ते नीट माहीत नसेल तर पोरीचं वर्ष भांडणातच जातं. म्हणून हे सविस्तर.

मानसशास्त्र म्हणजे माणूस आणि जनावरं कशी वागतात, शिकतात, विसरतात, याचा निरीक्षण आणि प्रयोग करून केलेला अभ्यास. जर्मनीत लाइपझिग इथं विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये प्रयोगशाळा काढली, तिथून हा विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून मोजतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये त्याचा विभाग सुरू झाला. म्हणजे कालपरवाचं फॅड नव्हे.

पहिल्या वर्षी पाव्हलॉव्हचा कुत्रा भेटतोच. हे रशियन शास्त्रज्ञ खरं तर पचनावर काम करत होते, त्यासाठीच त्यांना 1904 चं नोबेल मिळालं. त्यांच्या लक्षात आलं की खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसत्या खुणेनं कुत्र्याला लाळ सुटते. पुस्तकात याला 'अभिजात अभिसंधान' असं जड नाव आहे. नावाला घाबरू नका. धारेची बादली वाजली की म्हैस पान्हवते, हे आपण रोज बघतो. बादलीचा आणि दुधाचा मुळात काही संबंध नाही, तो रोजच्या सवयीनं जुळलाय. माणूस बदलला की तीच म्हैस पान्हा चोरते, हेही गोठ्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. या धड्यात तो शहरातल्या पोरापेक्षा एक पाऊल पुढंच असतो.

तसंच अमेरिकेतल्या स्किनर यांचं. उंदीर-कबुतरांवर त्यांनी दाखवलं की बक्षीस दरवेळी न मिळता अधूनमधून, कधीही मिळत असेल तर ती सवय सुटता सुटत नाही. मटक्याचा आकडा लावणारा का थांबत नाही, ते यात आलं. एका वर्षी टोमॅटोला सोन्याचा भाव लागला म्हणून पुढची चार वर्षं टोमॅटोच लावणारे आपण, आपलंही थोडं यात आलंच म्हणा.

पोरांना लगेच उपयोगी पडणारा धडा स्मृतीचा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये पुस्तक काढलं. पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री सलग सहा तास बसण्यापेक्षा आज थोडं, उद्या परत, आठवड्यानं पुन्हा अशी उजळणी टिकते. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारला तर आणखी पक्कं होतं. कामाच्या दिवसांत शेतावर हात लावून शिकणाऱ्या पोरांना हे जमण्यासारखं आहे.

अडचणी दोन. सरासरी, आलेख असं थोडं संख्याशास्त्र येतं, गणित सुटलं म्हणून कला शाखेत आलेल्यांना ते जड जातं. आणि मराठीतून पेपर लिहिता आला तरी बरीच चांगली पुस्तकं इंग्रजीत. अकरावी-बारावीचं बालभारतीचं मराठी मानसशास्त्राचं पुस्तक आधी वाचून जावं, निम्मे शब्द ओळखीचे होतात.

आता पैशाचं आणि नोकरीचं. बीए झालं म्हणजे दवाखाना टाकता येत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. बीएनंतर एमए, मग आणखी शिक्षण, अशी ही लांबची वाट आहे. तीन वर्षांत पगार हवा असेल तर घरात आत्ताच बोलून घ्या.

आणखी एक. आजारांची लक्षणं वाचली की पोरांना ती आधी स्वतःत, मग घरादारात दिसू लागतात. चुलत्याला डिप्रेशन, आजीला अमुक, अशी लेबलं लावू नयेत. पण पीक गेलं, कर्ज थकलं आणि घरातला कर्ता माणूस झोपत नाही, जेवत नाही, "मी नसलेलाच बरा" म्हणू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, डॉक्टरकडं न्या. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. एफवायच्या विद्यार्थ्यानं उपचार करायचे नाहीत, नंबर लावून द्यायचा.

बीएला बारावी कुठल्याही शाखेची चालते. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एवढं विचारा: मानसशास्त्र मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत इथंच आहे, की पहिल्या वर्षापुरतंच? शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का? प्रात्यक्षिकं इथंच होतात का? पुढं जिल्ह्याला जावं लागणार असेल तर एसटीचा पास आणि होस्टेलचा खर्च आजच हिशेबात धरा.