जखमांनंतर (लेखांक सहावा) : बऊरचा हिशेब

गेल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाबद्दल वाचताना हे सगळं दूरदेशीचं वाटलं असेल, तर आज मावळातल्या बेडशाच्या लेण्यांपाशी यावं. लेण्यांपुढे पवन मावळ पसरलेला आहे. तिथून काही किलोमीटरवर, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर, ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मेले, त्यांत एक बाई होती. भांडण पाण्याचं होतं. पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवड ते उचलतं. ते धरणापासून थेट निगडीपर्यंत बंदिस्त जलवाहिनीतून न्यायचं ठरलं, तेव्हा नदी आटेल, काठच्या विहिरी नि उपसा पंप कोरडे पडतील, अशी धास्ती गावांनी घेतली. ती नुसत्या नळाची धास्ती नव्हती. पवना धरणात जमिनी गेलेल्यांपैकी अनेकांचं पर्यायी जमिनीची वाट पाहणं तोवर संपलेलं नव्हतं, आणि डोंगरापलीकडे मुळशीने १९२१ मध्येच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता.

गोळीबारानंतर सरकारने प्रकल्पाला स्थगिती दिली, न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. सप्टेंबर २०२३ मध्ये स्थगिती उठली आणि विरोध जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला. बारा वर्षं कमी नव्हती. पण स्थगितीने काम थांबतं, रोष तसाच राहतो. आणि भरपाईच्या धनादेशावर रक्कम असते. ती कोणत्या चुकीपोटी, हे त्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते समेटाची सुरुवात त्या न लिहिलेल्या ओळीपासून होते. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या; तेरा जण त्याच दिवशी गेले. पहिल्या चौकशीने सैनिकांना सांभाळून घेतलं आणि त्या अहवालाने जखम आणखी चिघळली. दुसरी चौकशी १९९८ मध्ये सुरू झाली, तिचा अहवाल २०१० मध्ये आला, आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत तो गोळीबार असमर्थनीय होता असं म्हणून माफी मागितली. चौकात जमलेल्या माणसांनी ते ऐकून जल्लोष केला. अडतीस वर्षांनी! मेलेलं कोणी परत आलं नाही. पण मेलेले गुन्हेगार नव्हते, हे सरकारदप्तरी लागलं.

यावर म्हटलं जाईल की जुनं उकरून काय मिळणार, निवडणुकीला आयता मुद्दा तेवढा मिळेल. मला उलट दिसतं. बऊरचा गोळीबार निवडणुकीत पुन्हा पुन्हा निघतो, कारण त्याचा हिशेब चारचौघांत कधी मिटला नाही. न मिटलेलं दुःख ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक, त्याचं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : शहरालाही तहान आहेच, आणि उघड्या नदीत सांडपाणी मिसळतं. खरं आहे. पण गाव आणि शहर यांच्यात पाण्याचा तंटा आहे, तर गाव आणि सरकार यांच्यात रक्ताचा. पहिला तंटा वाटपाच्या आकड्यांनी सुटू शकेल. दुसरा बाकी असताना ते आकडे खरे मानायला मावळात कोण तयार होईल?

बेडशाच्या चैत्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं, दान दगडात कोरलेलं आहे. कोणी दिलं, कुठून आला, कोणाचा मुलगा, एवढंच. दोन हजार वर्षांनी तेवढं पुरतं. बऊरच्या तिघांबद्दल सरकारने कोरायची ओळ याहून लांब लागणार नाही.